रडार : प्रतिध्वनी आणि त्याचा अर्थ
(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



डोंगरकड्यासमोर उभे राहून हाक मारली की ती काही क्षणांनी परत येते. हाक आणि प्रतिध्वनी यांमधील अवधी मोजला, तर कडा किती दूर आहे हेही सांगता येते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा सहा सेकंदांनी हाक परतली तर कडा सुमारे एक किलोमीटरवर आहे, असे समजावे. रडारचे मर्म याहून वेगळे नाही. त्याची हाक मात्र रेडिओलहरींची असते आणि या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने धावतात. दीडशे किलोमीटरवरील विमानावर आपटलेली लहर सेकंदाच्या एक हजाराव्या भागात परत येते. रडार एक अल्पसा स्पंद सोडते, मग गप्प राहून त्याच्या परतीची वाट पाहते. लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि आकाशक ज्या बाजूला वळलेला असतो त्यावरून दिशा. काळोख किंवा धुके यांचा अडथळा त्याला होत नाही.

ही कल्पना १९०४ साली जर्मनीत ख्रिस्तिआन ह्युल्समायर याने ऱ्हाईन नदीवरील जहाजांवर प्रयोग करून दाखविली होती. परंतु तिचे मोल ओळखणारे कोणी भेटले नाही. पुढे १९३५ साली ब्रिटिश सरकारने रॉबर्ट वॉटसन-वॉट यांना विचारले, रेडिओलहरींचा ‘मृत्युकिरण’ करून शत्रूचे विमान पाडता येईल काय? त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी गणित मांडले. विमान पाडण्याइतकी शक्ती निर्माण करणे अशक्य आहे, विमान हुडकणे मात्र शक्य आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीस डॅव्हेंट्री येथे बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी वापरून सुमारे १३ किलोमीटरवरील विमानाची चाहूल घेण्यात आली.

१९४० साली जर्मन विमानदळ इंग्लंडवर चालून आले, तेव्हा किनाऱ्यावर उंच मनोऱ्यांची रडारकेंद्रे सज्ज होती. तथापि ब्रिटनचा बचाव केवळ मनोऱ्यांनी केला असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. सेनापती ह्यू डाउडिंग यांनी त्यांच्यामागे एक व्यवस्था उभी केली होती. प्रत्येक केंद्राची वर्दी दूरध्वनीने एका कक्षात येई, तेथे ती पारखली जाई, तरुण स्त्रिया मोठ्या नकाशावर खुणा सरकवीत आणि मग योग्य त्या तळावरून लढाऊ विमाने झेपावत. किनारा ओलांडून आत आलेली विमाने त्या रडारला दिसत नसत. तेथे दुर्बिणी घेतलेले स्वयंसेवक नजर ठेवीत.

याच्या नेमके उलट चित्र ७ डिसेंबर १९४१ रोजी हवाई बेटांवर दिसले. ओपाना येथील अमेरिकन रडारकेंद्राची पाळी सकाळी सात वाजता संपली होती. न्याहारीला नेणारी गाडी यायची होती, म्हणून दोन सैनिकांनी सरावासाठी यंत्र चालूच ठेवले. सात वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर मोठी खूण उमटली. सुमारे २१० किलोमीटरवरून विमानांचा थवा येत होता. त्यांनी तत्काळ वर्दी दिली. तथापि दूरध्वनीवरील अधिकारी त्या कामाला नवखा होता आणि मायदेशाहून आपलीच बॉम्बर विमाने येणार आहेत हे त्याला ठाऊक होते. काळजीचे कारण नाही, असे त्याने कळविले. तासाभराच्या आत पर्ल हार्बरवर बॉम्ब पडू लागले. २४०० हून अधिक अमेरिकन प्राणांस मुकले. यंत्राने आपले काम चोख केले होते. प्रतिध्वनी आला होता. त्याचा अर्थ लावला गेला नाही.

आपल्या देशातही या विषयाची एक वेदनामय आठवण आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली. ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीच्या रडारवर दोन्ही विमाने दिसत होती. परंतु ते रडार विमान कोठे आहे एवढेच सांगे, किती उंचीवर आहे हे सांगत नसे. उंचीसाठी वैमानिकांच्या शब्दावरच भिस्त होती. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले आणि जमिनीवरील नियंत्रकाला ते उमगण्याची सोय नव्हती. दुय्यम रडार मात्र विमानाला प्रश्न विचारते आणि विमानातील उपकरण आपली ओळख व उंची आपोआप कळविते. या अपघातानंतर भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. शहाणपण आले, पण केवढ्या किमतीने!

युद्धासाठी जन्मलेले हे साधन आज आपल्या दारात पोहोचले आहे. जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता वाढते, दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतताना ती घटते. या डॉप्लर परिणामाच्या आधारे महामार्गावरील पोलीस मोटारीचा वेग मोजतात आणि हवामानखाते ढगांतील पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही जाणते. मुंबई, पणजी आणि इतर अनेक ठिकाणी अशी रडारे आहेत. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ धडकले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविल्यामुळे मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. त्यात उपग्रहांचा आणि रडारचा वाटा होता. तितकाच गावोगावी दवंडी पोहोचविणाऱ्यांचा आणि ती ऐकून घर सोडणाऱ्यांचाही होता.

श्रोतेहो, यंत्र खूण उमटविते. तिचा अर्थ लावणे आणि तो वेळेवर योग्य माणसाच्या कानी घालणे, हे मनुष्याचे कर्तव्य राहते. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या वास्तूत हे अधिक पटावे. कपाटातले पुस्तकही वाचकाच्या हाती गेल्यावाचून बोलत नाही.