रसिकांची ओढ

श्रोतेहो, आवडत्या गवयासाठी कामधाम सोडून परगावी जाणारे रसिक आपण पाहिले आहेत. तसेच रसिक अमेरिकेतील पर्ल जॅम या वाद्यवृंदाला लाभले. हा वृंद 1990 साली सिअ‍ॅटल शहरी जन्मास आला. त्याच्या संगीतास ग्रंज म्हणतात. गिटारीचा नाद मुद्दाम खरखरीत ठेवलेला, गाण्यांत एकाकी तारुण्याची व्यथा. प्रथम ऐकताना ते कर्कश वाटते. मला तरी वाटले.

मग लोक त्यांच्यामागून गावोगाव का हिंडतात? त्यांच्या गाण्यांचा क्रम दर रात्री बदलतो. बुवा आज कोणता राग काढतात, या उत्कंठेने ज्याने रात्र जागवली आहे, त्याला हे वेड निराळे समजावून सांगायला नको. 2000 सालच्या दौऱ्यातील कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे वृंदाने प्रसिद्ध केली; असे 72 संच निघाले. त्यांत एका रात्रीचे मात्र नाही.

ती रात्र 30 जूनची, डेन्मार्कमधील रोस्किल्डच्या महोत्सवातली. पावसाने मैदान निसरडे झाले होते आणि मागचे लोक जवळून ऐकण्याच्या ओढीने पुढे रेटत होते. मुख्य गायक एडी व्हेडर गाणे थांबवून ‘मागे सरा’ म्हणून विनवू लागला, परंतु उशीर झाला होता. त्या चेंगराचेंगरीत नऊ तरुण दगावले. तेथे कोणी कोणाचा वैरी नव्हता हो. सारे गाण्याच्या प्रेमानेच आले होते.

युरोपातील उरलेले कार्यक्रम रद्द झाले. ऑगस्टमध्ये मंडळी पुन्हा गायला उभी राहिली. 2002 सालच्या त्यांच्या एका गीतात त्या नऊ जणांचा उल्लेख आहे, मित्र म्हणून.