स्पीकरचा कोन किती हलू शकतो?
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोळा झाला, बाप्पा आले, आणि आपल्या तिगावात मांडवाचे स्पीकर पुन्हा बाहेर निघाले. वर्गणीतून घेतलेले हे स्पीकर दहा दिवस टिकावेत आणि आरतीचा शब्द मागे बसलेल्या आजींनाही कळावा, यासाठी आज आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत.

पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला १८९३ साली. आज आपण वापरतो त्या स्पीकरची रचना अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी मांडली १९२५ साली. ती मुळात आजही तीच आहे. कागदी कोनाच्या मागे तारेचे वेटोळे असते, त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. ते लोहचुंबकाच्या अरुंद फटीत बसते. गाण्याची वीज आली की कॉइल पुढेमागे सरकते आणि कोन हवा ढकलतो.

चुंबकाचा खरा जोर त्या फटीतच असतो. समजा, कॉइलची उंची १२ मिलिमीटर आणि फटीची ८. वजाबाकी ४, तिचे निम्मे २. म्हणजे कोन पुढे २ आणि मागे २ मिलिमीटर गेला तरी फट कॉइलने भरलेली राहते. त्यापुढे पकड सुटू लागते आणि आवाज फाटतो. आणखी ताणले तर कॉइल मागच्या पत्र्यावर आपटते, कोनाची कड उसवते. खुंट्याला बांधलेला बैल दाव्याएवढाच फिरणार. त्याला मारून दावे लांब होत नाही.

आता बेसचा हिशेब. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला, तर कोनाला चौपट हलावे लागते. १०० हर्ट्झला अर्धा मिलिमीटर लागत असेल, तर ५० हर्ट्झला २ आणि २५ हर्ट्झला ८. आपल्या उदाहरणातला स्पीकर ५० लाच मर्यादेवर पोचला! म्हणूनच भजनात तासन्‌तास टिकणारा स्पीकर धमाक्याच्या गाण्यात एका रात्रीत बसतो.

प्रत्यक्ष हालचाल घरीही मोजता येते. पेटी आडवी ठेवून कोन आकाशाकडे करा. वर एक पट्टी टेकवून तिच्या भोकातून बारीक काडी हळूहळू खाली उतरवा. स्पीकर वाजत असताना काडी कोनाच्या मधल्या टोपीला लागली की टकटक ऐकू येते. तिथे काडीवर खूण करा. मग आवाज बंद करून काडी टोपीला टेकवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर म्हणजे कोनाची एका बाजूची धाव. सुरुवात मात्र अगदी हळू आवाजाने करावी.

मंडळाला आमची विनंती एवढीच. आरती-भजनाच्या वेळी मिक्सरवरचे लो-कटचे बटण चालू ठेवा. माणसाच्या आवाजाला त्याने काही कमी पडत नाही. उलट माइकची धडधड आणि वाऱ्याची घोंघों जाते, आणि कोनाची धाव शब्दांसाठी शिल्लक राहते. आवाज फाटू लागला की आणखी मोठा अ‍ॅम्प्लिफायर जोडू नका, आवाज खाली आणा. माणसे लांबवर बसली असतील तर एकाच पेटीवर जोर देण्यापेक्षा दुसरी पेटी त्यांच्याजवळ ठेवा.

बाप्पांच्या कानापर्यंत आपली हाक पोचतेच. ती शेजाऱ्यांच्या कानाला गोड लागावी, हे मात्र आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!