सूड कुणावर उगवायचा?



दहशतवादी हल्ल्यात ज्याचं पोर गेलं, त्या बापाला सूड घ्यावासा वाटला तर त्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. हे आधीच सांगतो, कारण आज ज्या माणसाबद्दल मी बोलणार आहे तो काही शांत, क्षमाशील संत नव्हे. त्याचा राग तीन दशकं उलटली तरी निवलेला नाही. पण त्या रागातही त्याने एक हट्ट सोडला नाही. ज्याने हे केलं तोच माणूस मला हवा, त्याच्या जागी दुसरा कुणी चालणार नाही.

डॉ. जिम स्वायर हे इंग्लंडमधल्या ब्रॉम्सग्रोव्हचे डॉक्टर. त्यांची थोरली मुलगी फ्लोरा वैद्यकीय शिक्षण घेत होती. २१ डिसेंबर १९८८ रोजी ती नाताळासाठी न्यूयॉर्कला मित्राकडे निघाली. दुसऱ्या दिवशी तिचा चोविसावा वाढदिवस होता. पॅन ॲमचं ते विमान हीथ्रोहून उडालं आणि अडतीस मिनिटांनी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर आकाशात फुटलं. विमानातले २५९ आणि खाली आपापल्या घरी असलेले ११, अशी २७० माणसं गेली. बॉम्ब एका सुटकेसमध्ये, कॅसेट रेकॉर्डरच्या आत दडवलेला होता.

हा बॉम्बही सुडाचाच होता, असं बहुतेक सगळे मानतात. वाद आहे तो कुणाच्या सुडाचा यावर. एप्रिल १९८६ मध्ये बर्लिनच्या एका डिस्कोत स्फोट झाला, त्यात अमेरिकी सैनिक मेले. अमेरिकेने लिबियाला दोषी धरलं आणि दहा दिवसांत तिथल्या त्रिपोली आणि बेनगाझीवर बॉम्ब टाकले. त्यातली काही विमानं इंग्लंडमधल्या तळांवरून उडाली होती. त्या हल्ल्यात लिबियाचे सर्वेसर्वा गद्दाफी यांची दत्तक मुलगी हाना मेली, असं लिबियाने जाहीर केलं. ती जिवंत असल्याचं पुढे बोललं गेलं, पण त्या वेळी जगाने ते खरं मानलं. दुसरीकडे ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकी युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं मेली, त्यात दहा भारतीय होते. लॉकरबीचा पहिला संशय म्हणूनच इराणसाठी हे काम केल्याचा संशय असलेल्या एका पॅलेस्टिनी गटावर गेला होता. म्हणजे हिशोब लिबियाचा धरा की इराणचा, तो चुकता झाला फ्लोराच्या जिवावर. तिचा या दोन्हींशी काडीचा संबंध नव्हता. सूड घेणाऱ्याला हाती लागेल तो चालतो, याहून भयंकर त्यात काही नाही.

स्वायर तरुणपणी सैन्यात होते, स्फोटकांची त्यांना माहिती होती. १९९० मध्ये त्यांनी तसाच एक कॅसेट रेकॉर्डर घेतला, स्फोटकाच्या जागी बदामाची मिठाई भरली आणि तो घेऊन हीथ्रोहून न्यूयॉर्कचं विमान गाठलं. कुणी अडवलं नाही. दीड वर्षापूर्वी जिथून फ्लोरा गेली, त्याच विमानतळावर! सरकारला जाब विचारण्याची ही त्यांची रीत होती.

१९९१ च्या नोव्हेंबरात फिमा आणि अल-मेग्राही या दोन लिबियन माणसांवर लॉकरबीच्या बॉम्बचे आरोप ठेवले गेले. स्वायरनी तो आरोप खरा धरला आणि थेट त्रिपोलीला जाऊन गद्दाफींना गाठलं. आपल्या मुलीचा मारेकरी म्हणून ज्याचं नाव घेतलं जात होतं, त्याच्यासमोर हा बाप बसला. सोबत फ्लोराचा फोटो होता. फ्लोरा आणि हाना या दोघींचे फोटो शेजारी शेजारी लावा, अशी विनंती त्यांनी केली. मग खिशातून एक बिल्ला काढला आणि गद्दाफींच्या कोटावर लावायला हात पुढे केला. त्या क्षणी मागे उभ्या अंगरक्षक स्त्रियांच्या बंदुकांचे खटके सरकल्याचे आवाज आले, असं ते सांगतात. बिल्ल्यावरचा मजकूर साधा होता, लॉकरबीचं सत्य कळलंच पाहिजे. त्यांना गद्दाफींचा जीव नको होता. ती दोन माणसं कोर्टात उभी करा, एवढीच मागणी होती.

ती मे २००० मध्ये उभी राहिली. खटला नेदरलँड्समधल्या एका जुन्या लष्करी तळावर चालला, कायदा स्कॉटलंडचा, न्यायाधीश तीन. स्वायर तिथे ठाण मांडून बसले आणि एकेक साक्ष ऐकत गेले, तसतसे अस्वस्थ होत गेले. बॉम्बभोवती गुंडाळलेले कपडे माल्टातल्या दुकानातून विकत घेणारा माणूस कोण, हे दुकानदाराच्या डळमळीत ओळखीवर ठरत होतं. ३१ जानेवारी २००१ रोजी निकाल लागला. फिमा सुटला, अल-मेग्राहीला जन्मठेप झाली. ज्या निकालाची बारा वर्षं वाट पाहिली तो कानी पडताच स्वायर बेशुद्ध होऊन पडले. पुढे ते तुरुंगात जाऊन मेग्राहीला भेटले. त्याने त्यांना नाताळचं शुभेच्छापत्र दिलं. कर्करोगामुळे २००९ मध्ये तो सुटला, २०१२ मध्ये वारला. तोवर स्वायर त्याच्या निर्दोषत्वासाठी लढत होते आणि आजही लढतात.

त्यांचं बरोबर आहे का? अपील न्यायालयाने २०२१ मध्येही शिक्षा कायम ठेवली. अमेरिकेतली अनेक शोकाकुल कुटुंबं मेग्राहीलाच दोषी मानतात, आणि स्वायर यांचं बोलणं त्यांना जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटतं. त्या आईबापांचं दुःख कमी नाही. मेग्राही निर्दोष होता, असं मी इथून ठामपणे सांगणार नाही. मला मोठं वाटतं ते एवढंच की दोषी म्हणून एक माणूस तयार हाती दिलेला असताना, त्याच्यावर राग काढून मोकळं होणं अगदी सोपं असताना, मुलगी गमावलेल्या बापाने तो नाकारला. असं नाकारणं म्हणजे पुन्हा रिकाम्या हातांनी घरी येणं. ते सोसायला किती बळ लागत असेल!

मुंबईकरांना हे परकं वाटू नये. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांमधल्या स्फोटांत ज्यांची माणसं गेली, त्यांना २०१५ मध्ये सांगितलं गेलं की गुन्हेगार सापडले, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. या निकालानंतर न्यायाधीशांवर आगपाखड झालेली मी वाचली. माझ्या मते राग तपासावर निघायला हवा. ही माणसं गुन्हेगार नव्हती, तर एकोणीस वर्षं खऱ्या गुन्हेगाराचा शोध बंदच होता, आणि तो बंद ठेवल्याचा जाब त्या कुटुंबांना कुणीतरी दिला पाहिजे.

लॉकरबीचं प्रकरणही मिटलेलं नाही. बॉम्ब तयार केल्याचा आरोप असलेला अबू अगिला मसूद डिसेंबर २०२२ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, आणि त्याने आरोप नाकारला आहे. खटल्यात मानलं गेलं तसा बॉम्ब माल्टाहून आलाच नाही, तो हीथ्रोवरच चढवला गेला, या मतावर स्वायर ठाम आहेत. स्फोटाच्या आदल्या रात्री तिथल्या सामानकक्षाचं कुलूप तोडलेलं सापडलं होतं, आणि ही गोष्ट लोकांना कळली ती मेग्राहीला शिक्षा झाल्यानंतर. मसूदच्या खटल्यात तरी त्या कुलपाची नीट चौकशी व्हावी, असं मला मनापासून वाटतं.