फी दिली, पण तास कोण देणार?

(हेदवी इथे विद्यार्थी, पालक आणि हितचिंतकांच्या मेळाव्यात दिलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



पत्र्यावर पाऊस वाजतो आहे. मागच्यांना ऐकू आलं नाही तर हात वर करा, मी पुन्हा सांगेन.

गेल्या महिन्यात एका वाडीवर बारावी पास झालेल्या मुलीनं मला विचारलं, "ताई, काम सोडलं तर घर चालत नाही. कॉलेज सोडलं तर जन्मभर काजूच सोलत राहायचं. दोन्ही एकदम होतं का?" मी पटकन म्हटलं, "होतं गं, का नाही होणार?" घरी आले आणि ते उत्तर मला टोचायला लागलं. कारण हेच उत्तर मी आधी एका मुलाला दिलं होतं आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली होती. म्हणून आज त्या मुलीला आणि तुम्हा सगळ्यांना नीट उत्तर द्यायचं ठरवून आले आहे.

आधी त्या मुलाचं सांगते. कातकरी वाडीतला, त्याच्या वाडीत बारावी झालेला पहिलाच. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. ज्या घरात आजोबांनी कात पाडला, कोळसा पाडला आणि बाप दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातो, त्या घरातला मुलगा कॉलेजला जातो म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मी त्याला कॉलेजात घातलं आणि एका लॉजवर कामही लावून दिलं. आपल्या मंडळीनं फी भरली. मी व्यासपीठावर त्याचं कौतुक केलं, प्रार्थनेसाठी त्याचा विषय दिला. सगळ्यांना समाधान वाटलं.

पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. दुसऱ्या सत्रात एप्रिल उजाडला, आंब्याचा हंगाम आणि पर्यटकांची गर्दी एकदम आली. मालकानं रजा दिली नाही. पोरगा एका पेपरला पोचलाच नाही. जूनमध्ये मी विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाला, "ताई, माझ्या डोक्यात शिरत नाही. मी ढ आहे."

तो ढ नव्हता. हिशेब माझा चुकला होता. तो हिशेब आज तुमच्यासमोर मांडते, मुलांनो, बोटांवर मोजा.

आठवड्याचे तास 168. झोप रोज सात तास धरली तर 49. आता नव्या पद्धतीत एका सत्राला साधारण 22 श्रेयांक असतात, ज्याला तुम्ही क्रेडिट म्हणता. एका श्रेयांकाला साधारण पंधरा तास वर्ग. म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला 22 तास वर्गात बसायचं, प्रात्यक्षिकं असतील तर त्याहून जास्त. इथून गुहागरला एसटीनं जाऊन-येऊन रोज दोन तास धरा, सहा दिवसांचे 12. घरी स्वतः वाचायला, लिहायला आठवड्याला निदान 18. आंघोळ, जेवण, पाणी भरणं, घरातली कामं रोजचे तीन तास, म्हणजे 21. झाली बेरीज 122. उरले 46.

आता पूर्ण वेळची नोकरी म्हणजे दिवसाला आठ तास, सहा दिवस. किती झाले? 48. उरलेत 46. देवानं दिलेल्या आठवड्यात ते मावतच नाही! आजारपण, सण, रविवारची उपासना, चुकलेली एसटी हे अजून धरलेलंच नाही. मग ते दोन तास आणि वरचे सगळे कुठून काढतो? आधी झोपेतून, मग स्वतःच्या वाचनातून, शेवटी वर्गातून. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसण्याची अडचण आणि शिष्यवृत्तीचीही अडचण. असं एकेक सुटत जातं आणि पोरगं स्वतःला ढ म्हणू लागतं.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. ईशज्ञानाची पदविका करताना मी रात्रपाळीचं काम करत होते. सकाळी वर्गात पहिल्या बाकावर बसायचे, झोप येऊ नये म्हणून. तरी यायची. मंडळीच्या इतिहासाच्या पेपरात मी नापास झाले तेव्हा मला वाटलं, माझी प्रार्थना कमी पडली. प्रार्थना कमी पडली नव्हती, झोप कमी पडली होती. तरी वीस वर्षांनी मी त्याच दमछाकीत दुसऱ्याच्या लेकराला ढकललं आणि वर त्याला साक्ष म्हटलं.

मग काम करून शिकणं होतच नाही का? होतं. महाराष्ट्रानं ते करून दाखवलेलं आहे. कसं केलं, तेवढं बघू.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची गरीब मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. घरात दाणा नसला तर लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकून मुलांना जेवू घातलं, हे आपण शाळेत ऐकलेलं आहे. पुढे 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' याच पायावर. मुलं शेतात राबायची, बांधकामावर राबायची आणि पदवी घ्यायची.

ते का जमलं? मुलं काटक होती म्हणून, असं आपण म्हणतो. पण व्यवस्था बघा. राहणं, शिकणं आणि काम एकाच आवारात. जाण्या-येण्याचे तास वाचले. काम देणारा आणि शिकवणारा एकच, त्यामुळे परीक्षा आली की काम मागे घेता येई. आजही रयतच्या महाविद्यालयांत आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ही योजना चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत दिवसातले मोजके तास काम मिळतं. कॉलेज निवडताना ही चौकशी आधी करा.

दुसरं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. 1946 मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. म्हणजे त्यांनी कॉलेजचं घड्याळच फिरवलं. आणि स्वतः त्यांचं बघा. लंडनचं शिक्षण अर्ध्यावर राहिलं होतं. 1918 मध्ये त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी धरली, पैसे साठवले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले. जोडीला शाहू महाराजांची मदत होती, मित्राकडून घेतलेलं कर्ज होतं. आधी नोकरी, मग शिक्षण. एकाच वेळी दोन्ही जमत नसेल तर एकामागून एक करणं ही हार नाही.

म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं आहे. पूर्ण वेळचं कॉलेज आणि पूर्ण वेळची नोकरी, दोन्ही एकदम नाही. पूर्ण वेळचं कॉलेज आणि दिवसाला तीन तासांचं काम, हो. नोकरी पूर्ण वेळच करावी लागत असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून ते अशांसाठीच चालू आहे. आणि मध्येच थांबावं लागलं तर मिळवलेले श्रेयांक आता ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. खातं उघडलं आहे का, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारा.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. एक वर्ष तो घरी होता. मग आम्ही पुन्हा बसलो, या वेळी कागद-पेन्सिल घेऊन. कॉलेजजवळ राहणाऱ्या मंडळीतल्या एका कुटुंबानं मागची खोली दिली. एसटीचे बारा तास वाचले. लॉज सोडून झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी तीन तासांचं काम मिळालं. परीक्षेच्या तारखा लागल्या की कागद दाखवून सुटी घ्यायची, असं मालकाशी पहिल्याच दिवशी बोलून घेतलं.

अभ्यासाचं त्यानं स्वतः ठरवलं, ते मुलांनो तुम्ही ऐका. वर्गात जे झालं ते त्याच रात्री वही मिटून, आठवून एका पानावर लिहायचं. आठवलं नाही तेवढंच पुन्हा वाचायचं. दर रविवारी दुपारी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची. आणि पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना सांगायचं, "सर, मी काम करतो, घरी शिकवणारं कोणी नाही, अडलं तर विचारीन." लाजायचं नाही. चाचणी आणि प्रकल्पाचे गुण वर्षभर थोडे-थोडे मिळतात, तेच काम करणाऱ्या मुलांच्या हातातून आधी निसटतात. त्यानं ते सोडले नाहीत. राहिलेले विषय निघाले. आता तो तिसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्गाला थोडेच गुण कमी पडताहेत. निकाल अजून लागायचा आहे, म्हणून मी पुढचं बोलत नाही. एकदा आधीच टाळ्या वाजवून बसले आहे.

पालकांनो, तुमच्याकडे एक मागणं. मार्च ते मे घरात प्रत्येक हात लागतो, मला कळतं. बाग राखायची असते, आंबे उतरायचे, पेट्या भरायच्या असतात. पण उन्हाळ्याची परीक्षाही त्याच दिवसांत येते. भट्टीची उचल घेताना शिकणाऱ्या पोराचे हात त्यात धरू नका. आणि जातीचा दाखला, आधार, बँकेचं खातं आत्ता जूनमध्येच नीट करा. शिष्यवृत्ती त्यावाचून अडते. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे, राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यात येतात. तुमच्या कॉलेजला ती लागू आहे का, ते बघायला मी तुमच्याबरोबर प्रकल्प कार्यालयात येईन.

आता शेवटी मंडळीतल्या माझ्या भावा-बहिणींना. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू करायचा, हे आपण नेहमी सांगतो. स्वतःच्या हातांनी राबा, असा त्यातून बोध काढतो आणि तो खराच आहे. पण प्रेषितांच्या कृत्यांत त्याच अध्यायात पुढे वाचा. सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले, त्यानंतर पौल वचनाच्या कामात पूर्णपणे गुंतला. आणि करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की, मासेदोनियाच्या बांधवांनी त्याची गरज भागवली. मला त्यातून असं दिसतं की, कोणीतरी मदत पाठवली आणि पौलाचे तास मोकळे झाले.

आपण आजवर फी दिली, वह्या दिल्या, छत्र्या दिल्या. त्याबद्दल देवाचे आभार आणि तुमचेही. या वर्षी आपली तीन मुलं कॉलेजला जाताहेत. त्यांच्यासाठी मी तास मागायला आले आहे. कोणाकडे कॉलेजजवळ एक खोली असेल, ती द्या. कोणाचं दुकान, दवाखाना, कार्यालय असेल तर तीन तासांचं काम द्या आणि परीक्षेला सुटी द्या. कोणी एका घराला एप्रिल महिन्याची त्या पोराची मजुरी द्या, म्हणजे तो बागेत न जाता पुस्तकासमोर बसेल. एकट्यानं होत नसेल तर तिघांनी मिळून द्या.

मला प्रश्न विचारणारी ती मुलगी आज इथेच बसली आहे. नाव घेत नाही, ती लाजेल. तिचं कॉलेज पुढच्या आठवड्यात सुरू होतं. चहाच्या वेळी मी दाराजवळ वही घेऊन बसते. पैशाचा आकडा नंतर लिहू. आधी कोण किती तास देणार, ते सांगा.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.