हप्त्याच्या वाटेने येणारा चोर



28 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधानांनी यवतमाळ येथूनच 'पीएम किसान' योजनेचा सोळावा हप्ता वितरित केला. दोन हजार रुपये थेट खात्यात आले. मधला दलाल गेला. हे खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या वाटेने सरकारचा पैसा शेतकऱ्याच्या घरी आला, त्याच वाटेने चोरही आला.

त्याची रीत साधी आहे. 'ई-केवायसी अपुरी आहे, हप्ता थांबेल,' असा संदेश येतो. सोबत योजनेच्या नावाची फाईल असते. ती उघडून मागितलेल्या परवानग्या दिल्या की फोनवर येणारे संदेश चोराला वाचता येतात. बँकेचा ओटीपीही त्यांतच असतो. ई-केवायसी खरोखरच सक्तीची आहे आणि तिच्यावाचून हप्ते खरोखरच अडतात, म्हणून हे खोटे पटते. कापसाची रक्कमही पुष्कळदा त्याच खात्यात असते. दोन हजारांच्या धास्तीने वर्षाची कमाई जाते.

अशा माणसाला अडाणी वा लोभी ठरविणे सोपे आहे. पण येथे लोभ कोठे आहे? येथे आहे ती हक्काचा पैसा बुडण्याची भीती.

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात याबाबत नियम घालून दिले. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणी तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास ग्राहकावर तोशीस नाही. ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक दिला असल्यास बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. मात्र ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला. 'चूक तुमचीच' एवढे तोंडी सांगून शेतकऱ्याला शाखेतून परत पाठविणे म्हणूनच न्यायाचे नव्हे.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. पांढरकवडा असो वा उमरखेड, गावोगावी चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. संदेशातून आलेली फाईल वा दुवा उघडू नये. हप्त्याची चौकशी सेवा केंद्रात वा कृषी कार्यालयात करावी. ओटीपी कोणालाही सांगू नये. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी 1930 क्रमांकावर कळवावे, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो आणि तो पुढे जाण्यापूर्वीच अडविता येतो. पाठोपाठ बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.

फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो, आणि चोराला हवा असतो तो हाच वेळ. त्याला दोष न देता त्याच्यासोबत बँकेच्या दारापर्यंत जाणे, हे कार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य होय.