गाऊट आणि पुरुषांचे न बोललेले दुखणे
(शाखेच्या आरोग्य मेळाव्यातील भाषण)



युनियनच्या सभेत आपण पगार, बढती, बदली यांवर तासन्‌तास बोलतो. आजचा विषय सभेत निघत नाही आणि घरीही निघत नाही. गाऊट आणि त्याच्या जोडीने येणारी पुरुषांची लैंगिक दुर्बलता, हा तो विषय. मी डॉक्टर नाही, मॅट्रिक झालेला रेल्वे कामगार आहे. डॉक्टरांकडून समजून घेतले तेवढेच सांगतो.

रक्तातले युरिक ॲसिड वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. बहुधा पायाचा अंगठा रात्री एकाएकी सुजतो, लाल होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. आठवडाभरात दुखणे उतरते, आपण ड्यूटीवर हजर होतो. आजार मात्र आत तसाच राहतो.

अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१५ साली २०१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. गाऊट असलेल्यांपैकी ७६ टक्क्यांना लिंगाच्या ताठरतेची अडचण होती, गाऊट नसलेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. पाहणी लहान आहे. एकामुळेच दुसरे होते, असे तिने सिद्ध होत नाही. पण दोन्हींच्या मागे बऱ्याचदा तीच कारणे असतात: रक्तदाब, मधुमेह, वाढलेले वजन, किडनीचे विकार. यांनी रक्तवाहिन्या खराब होतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक, म्हणून तिथे त्रास आधी दिसू शकतो. लाल सिग्नलच्या आधी पिवळा लागतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ही तक्रार हृदयविकाराचा पिवळा सिग्नल असू शकते.

पण आपला माणूस लाजतो आणि रुळांलगतच्या भिंतीवर रंगवलेला ‘गुप्तरोग’वाल्याचा पत्ता शोधतो. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. त्या पुड्यांत काय मिसळले आहे हे कोणी सांगत नाही. छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ताठरतेची गोळी घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

मग करायचे काय? रेल्वे इस्पितळात किंवा सरकारी दवाखान्यात जा. युरिक ॲसिड, साखर, रक्तदाब, किडनी तपासून घ्या. दुसरी तक्रारही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढते, काहींनी ताठरता कमी होते. डॉक्टर गोळी बदलू शकतात, आपण होऊन बंद करू नका. युरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवायचे असते. त्यासाठी ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी लिहून दिली, तर दुखणे थांबले म्हणून सोडू नका. दारू, विशेषतः बिअर, गोड थंड पेये, कलेजी आणि तारली कमी करा. पाणी भरपूर प्या.

आता पाण्याचेच घ्या. अनेक इंजिनांत आजही शौचालय नाही. लघवीची सोय नाही म्हणून रनिंग स्टाफ पाणीच कमी पितो. ट्रॅकवरचा माणूस आणि उन्हात टपाल वाटणारा पोस्टमन यांचीही तीच गत. म्हणून प्रत्येक इंजिनात शौचालय आणि कामाच्या जागी पिण्याचे पाणी या मागण्या आरोग्याच्याच मागण्या आहेत. त्या लढून मिळवायच्या आहेत.

तपासणीसाठी मात्र लढ्याची वाट पाहू नका. ज्याला एकट्याने जायला संकोच वाटतो त्याने शाखेच्या कार्यकर्त्याला सांगावे, आपण सोबत जाऊ. आणि घरी बायकोशी बोला. तिला कारण कळत नाही, म्हणून ती स्वतःलाच दोष देत बसते.

कामगार एकजुटीचा विजय असो!