अडलेल्या मुलाजवळ बसताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले, एवढीच माझी शिदोरी. त्यातली एक चूक आज तुमच्यापुढे मांडते.

१९८९ साली माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. धडा खडाखडा वाचायचा. एके दिवशी पाहते तो काय, त्याच्या पुस्तकातले ते पान फाटून गेलेले. तरी स्वारी वाचतेच आहे! इतरांचे ऐकून त्याने सारे पाठ केले होते. "लबाड आहेस," असे मी भर वर्गात म्हणाले. पुढे सहावीत त्याने शाळा सोडली. त्याची आई बाजारात भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, "बाई, पुस्तक दिसलं की त्याच्या पोटात गोळा यायचा."

अख्खा धडा नुसता ऐकून ध्यानात ठेवणारा मुलगा लबाड कसा? तो तर इतरांच्या दुप्पट कष्ट करीत होता. मला ते दिसले नाही, कारण पाहायला कोणी शिकविलेच नव्हते. पाठाचे टाचण काढायला मी शिकले. मूल नेमके कुठे अडते, हे ऐकायला नाही.

आपली लिपी आपल्याला सोपी वाटते. पण 'किरण'मधली वेलांटी 'क'च्या आधी दिसते आणि उच्चारायची असते नंतर. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा 'य'च्या आधी. मग एखादे मूल 'सूयर' वाचते. त्याला हसू नये. कुठे अडले ते त्या चुकीनेच सांगितलेले असते. काहींची अडचण याहून खोल असते. बुद्धी चांगली असूनही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसत नाही. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. निदान तज्ज्ञांनी करावे. पण पहिली शंका शिक्षिकेलाच यायला हवी.

ती कशी येणार? एका दिवसाच्या व्याख्यानाने नाही. पुढे आम्ही चौघी शिक्षिका दर शनिवारी शाळा सुटल्यावर बसू लागलो. प्रत्येकीने एका मुलाच्या चुका वहीत टिपून आणायच्या. एकीने शिकवायचे, दुसरीने मागे बसून पाहायचे. सुरुवातीला लाज वाटली; पण त्या वहीने मला जे शिकविले ते पदविकेने शिकविले नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आधी मूल पाहावे, मग पद्धत ठरवावी, हा धडा त्यांनी केव्हाच घालून दिला आहे.

भगिनींनो, माझे मागणे लहान आहे. महिन्यातून एका शनिवारी मंडळाचा हा दिवाणखाना आसपासच्या शिक्षिकांना अशा बैठकीसाठी द्यावा. चहा मी करीन, आणि माझी ती जुनी वही घेऊन येईन.

त्या मुलाची माफी मागायची राहून गेली. निदान दुसऱ्या कुणाला 'लबाड' म्हणण्यापूर्वी एखादी शिक्षिका क्षणभर थांबली, तरी मला पुष्कळ झाले.